केशरबाईंचा हिरवा काठ

केशरबाई परवा गेल्या. दुष्काळाच्या साली मी आष्टीच्या सहकारी दूध संस्थेत कामाला जायची, तेव्हा माझी अडीच वर्षांची ईश्वरी त्यांच्याकडे असायची. अशी चार लेकरं त्या सांभाळायच्या. भाकरीला बसल्या की जुन्या लुगड्यांच्या काठांनी लेकरांना कंबरेशी ओसरीच्या खांबाला बांधायच्या. पाचवा, हिरवा काठ मात्र रिकामाच लोंबत असायचा. त्याच्या कितीतरी आधी, बहात्तरच्या दुष्काळात, त्या खडी फोडत असताना त्यांचा तीन वर्षांचा भिवा कुठे चालत गेला, ते कधीच कळलं नाही. तो काठ त्याचा.

मी एकदा चिडलेच. "ईश्वरी काय वासरू आहे बांधायला?"

"वासरू बरं, ताई. हंबरतंय तरी. लेकरू गुमान जातंय."

तरी माझ्या हट्टापायी त्यांनी ईश्वरीला मोकळं ठेवलं.

आठवड्याने भरदुपारी टँकर आला. हंडे घेऊन सगळी गल्ली धावली, केशरबाईही धावल्या. टँकर मागे घेताना झालेला आरडाओरडा ऐकून मी संस्थेतून पळत सुटले. केशरबाई आणि मी एकदमच ओसरीवर पोचलो. तीन लेकरं बांधलेली होती. शेजारी ईश्वरी बसली होती, हिरवा काठ मुठीत घट्ट धरून.

"टँकर बघायला गेली नाहीस?" मी कसंबसं विचारलं.

"दादा जाऊच देईना."

केशरबाई तिच्यासमोर खाली बसल्या. "केवढा झालाय गं त्यो?"

ईश्वरीने आपल्या डोक्याच्या जरासा वर हात धरून दाखवला.