दादांनी परत मागितलेली चाल

“कोट्यातून आलेली दिसतेय ही चाल!” दादा मोठ्याने म्हणाले. भोवती उभे असलेले सगळे हसले.

मी चुकून घोडा फुकट दिला होता. एवढंच. जर्मनीतलं डार्मश्टाट, रविवारची दुपार, मराठी मंडळाची बुद्धिबळ स्पर्धा. मी इथे विद्यापीठात संशोधन करते. माझं आडनाव, मूळ गाव सगळं पहिल्याच गणपतीत विचारून झालं होतं. त्यामुळे तो विनोद कुणाला समजावून सांगावा लागला नाही. मला किळस आली. दादांची आलीच, पण मंडळाच्या अध्यक्ष वहिनींची जास्त आली. हसता हसता त्यांनी माझ्यापुढे बाकरवडीची बशी सरकवली.

दादा आमच्यातले सर्वांत तगडे खेळाडू. जर्मन क्लबच्या पहिल्या संघात खेळतात. नियमही त्यांनीच वाचून दाखवले होते. मोहऱ्याला हात लावला की तेच चालवायचं. सोडलं की चाल झाली.

घोडा मारल्यावर त्यांचं पटाकडे लक्षच उरलं नाही. मागे वळून कुणाला तरी ऑफिसातला किस्सा सांगत त्यांनी शेवटच्या रांगेतला हत्ती उचलला आणि पुढे नेला. प्याद्यांमागे कोंडलेला राजा उघडा पडला. नवशिकाही असं करत नाही. मी माझा हत्ती थेट तळाला नेला. मात.

“अगं थांब, थांब. तो हत्ती नव्हता हलवायचा मला. परत घेतो.”

विचारलं नाही. सांगितलं.

“घेऊ दे गं,” वहिनी म्हणाल्या. “दमलेत ते. आल्झो, म्हणजे, खेळच तर आहे.”

माझी चूक झाली की माझी जात. त्यांची झाली की थकवा.

मागच्या महिन्यात त्यांचा क्लबातला सामना बघायला आम्ही सगळे गेलो होतो. तिथे त्यांनी चक्क वजीर घालवला. समोर एक जर्मन म्हातारा. दादा गुपचूप उठले, हात मिळवला, हसलेसुद्धा. तिथे परत घेण्याची भाषा नव्हती. ती फक्त माझ्यासाठी होती.

मी त्यांच्या हत्तीवर तळहात ठेवला. “नाही दादा. चाल झाली. तुम्ही हरलात.”

“एवढं काय मनाला लावून घेतेस?”

“मी बौद्ध आहे. कोट्यातून शिकले. आणि तुम्ही हरलात.”

कुणी हसलं नाही. त्यांनी हात मिळवला नाही. वहिनींनी मला बाजूला घेतलं आणि वातावरण खराब झाल्याचं सांगितलं. वातावरण! मघाशी ते छान होतं म्हणे.

पुढच्या फेरीचं मला कळवायला मंडळवाले विसरतील. तरी मी जाणार. खुर्ची ओढून बसणार. चुकेन, हरेनही. पण समोरच्याची एकही चाल परत देणार नाही. हात जोडले तरी नाही.