ओल्या चित्राची जप्ती

ओलं तैलचित्र वर्तमानपत्रात गुंडाळून, सुतळी बांधून, वर लाखेचं सील मारण्याचा पराक्रम माझ्या नावावर आहे. निवृत्त झालो तरी ती घटना आठवली की कान गरम होतात.

घोडबंदर रोडवरच्या एका टॉवरच्या लॉबीतून मोठं चित्र चोरीला गेलं. कॅमेऱ्यात काळा चष्मा लावलेला म्हातारा दिसला. काळा चष्मा म्हटल्यावर मला लगेच वेशांतराचा वास आला. दुसऱ्याच दिवशी एका टेम्पोवाल्यानं खबर दिली, "साहेब, त्या चष्मेवाल्या म्हाताऱ्याला शीळफाट्यावरून डोंबिवलीला सोडलं मी. मागे चित्र धरून उभा होता, बसलाच नाही."

पत्त्यावर पोचलो, तर तो म्हातारा म्हणजे एक नावाजलेले चित्रकार. लॉबीतलं चित्रही त्यांचंच. ते खिडकीपाशी उभं होतं. मी बोट लावलं, निळा रंग लागला. तो पँटला पुसला आणि निष्कर्ष काढला: ओलं म्हणजे नवं, नवं म्हणजे नकली.

"अस्सल कुठे विकलंत?"

"हेच ते."

"मग ओलं कसं?"

"आकाश चुकलं होतं."

असली उत्तरं सराईत लोक देतात. पंचांसमक्ष चित्र जप्त केलं, त्यांना पोलीस स्टेशनला आणलं. चौकशीत ते तीनदा एवढंच म्हणाले, "तो कागद काढा हो, रंग चिकटेल." मला वाटलं, पुरावा नष्ट करायचाय.

संध्याकाळी त्यांच्या पत्नी हॉस्पिटलचे कागद घेऊन आल्या. "मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय ह्यांचं. चष्मा डॉक्टरांनी दिलाय. हे चित्र काढलं तेव्हा ह्यांना सगळं पिवळट दिसायचं. पुढच्या आठवड्यात आयुष्यभराच्या कामाचं प्रदर्शन, त्यात हे शेवटचं चित्र. सोसायटीचे सेक्रेटरी दुरुस्तीला हात लावू देईनात, म्हणून उचललं."

सेक्रेटरींना बोलावून सील फोडलं. मागे सोसायटीचं लेबल होतं, चित्र अस्सल. पुढे मात्र कागदाबरोबर अर्धं आकाश निघून आलं आणि उरलेल्यात पाणीकपातीची बातमी उलट्या अक्षरांत उमटली. ते बघून सेक्रेटरींनीच तक्रार मागे घेतली आणि चित्र चित्रकारांच्या हवाली केलं.

संशय घेण्याचाच आम्हाला पगार मिळतो, तो सोडून चालत नाही. पण त्यानंतर आरोपी एकच गोष्ट तीनदा सांगू लागला, की मी आधी ती करून बघायचो.

प्रदर्शनाला चोरासारखा गेलो. आकाश स्वच्छ निळं झालं होतं. जरा जवळ सरकलो, तोच त्यांच्या पत्नी रखवालदाराला म्हणाल्या, "अहो, ह्या साहेबांना दोरीच्या पलीकडेच थांबवा. चित्र अजून ओलं आहे."