शुद्धीतलं बोलणं

आमच्या बंजारा तांड्यात बायका गळ्यात गळा घालून रडतात ते दोन वेळा. माणूस मेल्यावर, आणि माहेरचं माणूस भेटल्यावर. दोन्ही वेळा सूर लावून, ओळी जुळवून, मोठ्याने. शब्द वेगळे असतात, पण ते जवळ उभं राहिल्यावरच कळतात. लांबून ऐकणाऱ्याला दोन्ही रडणी सारखीच. एवढ्याशा गोष्टीवरून एका बाईचं घर उठलं, आणि ते उठवण्यात माझा हात होता. हे आता म्हातारपणी लिहिते आहे, कारण मला गप्प बसवणारं आता कोणी उरलं नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली गोष्ट. मी सतरा वर्षांची, पाचव्या महिन्याची गरोदर. आमचा तांडा दिग्रसपासून दोन कोसांवर. मागच्या पिढ्यांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहिलं. आता सगळे कापूस पिकवत होते. माझी आई पांढरकवड्याकडून बस बदलत बदलत मला भेटायला आली. तांड्याच्या तोंडाशीच आम्ही मायलेकींनी मिठी घातली आणि रडलो. मी जरा जास्तच रडले. नव्या सुनेला आवाज चढवायची तेवढीच मुभा असते.

त्याच दिवशी तांड्यातल्या एका घरी दीड वर्षाचा पोरगा गोवराने फणफणला होता. आमच्या शेजारी काकी राहायची. माझ्या सासऱ्यांच्या चुलतभावाची विधवा, एकटी, कानाने थोडी जड. आरशांचा कशिदा मला तिनेच शिकवला, आणि शिकवताना बोटावर टपल्याही तिनेच मारल्या. ती शेतात कापूस वेचत होती. तिने रडणं ऐकलं, पोरगा गेला असं समजली, धावत आली आणि थेट त्या पोराच्या आईच्या गळ्यात पडून मेल्याचं रडणं रडू लागली. पोरगा मांडीवर जिवंत, टकमक बघतोय. आईने तिला ढकलून दिलं. काकी ओशाळली, चुकलं म्हणाली, आणि घरी गेली. दिवस मावळायच्या आत पोरगा खरंच गेला.

झालं. आम्ही घरात गोरबोली बोलतो. इथे सगळ्यांना वऱ्हाडी बोलायला लावते, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल. "आधी रडून घेतलं, मंग खाल्लं," असं पाणवठ्यावर बोलणं सुरू झालं. काकी डाकण आहे, चेटकीण आहे. माझी आई आली होती आणि ते रडणं आमचं होतं, हे काय कोणाला ठाऊक नव्हतं? सगळ्या जणी येऊन आमच्याकडे चहा पिऊन गेल्या होत्या! पण कोणाला विचारलं की एकच उत्तर, "सारा जलम तांड्यात गेला तिचा, तिले रडणं वळखू येत नाही काय?"

चार दिवसांनी त्या पोराची चुलती भर दुपारी कापसाच्या शेतात कोसळली. डोळे पांढरे, दातखीळ बसलेली. शुद्धीवर येता येता ओरडली, "रडू नोको, मी जित्ती हाय!" दुसऱ्या दिवशी तिच्याच ओळीत वेचणाऱ्या दोघी पडल्या. मग रोजच. त्या ढोंग करत होत्या असं मी म्हणणार नाही. एकीची दातखीळ काढताना पळी घातली तर तिचा पुढचा दात पडला. सोंगासाठी कोणी दात पाडून घेत नाही.

नायकाने, म्हणजे तांड्याच्या प्रमुखाने, बाहेरगावाहून भगत आणला. तो रोज सकाळी नायकाच्या अंगणात कडुनिंबाखाली बसायचा. पडलेल्या बाईला त्याच्यापुढे आणायचे, लाल मिरच्यांचा धूर द्यायचे आणि विचारायचे, कोणी धरलं? नाव घेतल्याशिवाय उठू द्यायचे नाहीत. आणि त्या अवस्थेत बाईच्या तोंडून आलं ते खरं, ते देवानेसुद्धा खोडायचं नाही. मिरचीच्या धुरात श्वास कोंडला की माणूस काहीही बोलेल, हे मला तेव्हाही कळत होतं. मी चौथी शिकलेली होते. पण चौथी शिकलेल्या सुनेला विचारतो कोण!

नावं वेगवेगळी थोडीच येणार होती? सगळ्यांनी काकीचंच घेतलं.

मी मात्र पडेना. आणि तेच माझ्या मुळावर आलं. "हिले काहून होत नाही?" पहिल्यांदा कोण म्हणालं माहीत नाही. मग माझी वही उघडावी तसे सगळे मला वाचू लागले: ही तिच्याच शेजारची, तिच्याकडे तासन् तास बसणारी, तिच्याकडून शिकणारी. डाकण मरायच्या आधी विद्या कोणाला तरी देतेच म्हणे. पाणवठ्यावर मी गेले की घागरी अर्ध्या भरून बायका निघायच्या. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "गप राहा." आई तर केव्हाच परत गेली होती. एका दुपारी सासूने माझ्या हातातली भाकरीची परात काढून घेतली, दार लोटलं आणि हलक्या आवाजात म्हणाली, "पड एकदा, बाई. तुह्या पोटात आमचं पोर हाय. कायले जिवावर बेतून घेतं?"

दुसऱ्या दिवशी मी पडले. शेतात जागा बघून पडले, पोटाला लागू नये म्हणून कुशीवर. मिरच्या टाकल्या, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मी काकीचं नाव घेतलं. घेताक्षणी घेऱ्यातल्या बायकांचे चेहरे निवळले. एकीने पदराने माझं तोंड पुसलं. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं, आणि त्या बऱ्या वाटण्याची मला अजून लाज वाटते.

नायकाने निकाल दिला: परवा सकाळी काकीने तांडा सोडायचा. तिच्या दारापुढे बाभळीच्या काट्या आणून टाकल्या. रात्रभर मला डोळा लागला नाही, आणि सकाळी मी नायकापुढे जाऊन सांगितलं की मी खोटं बोलले. नायक चिडलासुद्धा नाही. "शुद्धीतलं बोलणं कोण धरते?" म्हणाला. भगताने मान हलवली. डाकणीने धरलेली बाई शुद्धीत तिचीच बाजू घेणार, असं त्याचं म्हणणं. म्हणजे मी जेवढं खरं बोलेन तेवढी काकी जास्त डाकण ठरत होती. मग एकच वाट राहिली. पुन्हा पडायचं, आणि पडून खरं सांगायचं.

काकीला तांड्याबाहेर काढायला आणलं त्या सकाळी सगळा तांडा अंगणात होता. काकीच्या हातात एक गाठोडं. मी तिथेच पडले, धूर यायची वाट न पाहता ओरडले, "काकी नाही! ते रडणं माह्यं होतं, माय भेटल्याचं!"

मला वाटलं, जमलं. भगत खाली वाकला. "बरं, ती नाही," तो शांतपणे म्हणाला. "मंग कोण?"

हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. नावाशिवाय उठणं नाही. मी डोळे किलकिले करून पाहिलं, तर घेऱ्यातली एकेक बाई मागे सरत होती. सासूने घुंगट इतका खाली ओढला की तोंड दिसेना. कोणाचं घेऊ? माझं स्वतःचं नाव घेता आलं असतं. तेच एक नाव घ्यायचा मला हक्क होता. ते जिभेवर आलं, पोटात पोर हललं, आणि मी नाव गिळलं. भगताने मूठभर मिरच्या आणखी टाकल्या. खोकून खोकून माझ्या पोटात कळ उठली.

तेव्हा काकी पुढे आली. तिला कोणी अडवलं नाही, सगळे तिला भीत होते. ती माझ्याजवळ उकिडवी बसली आणि बोटावर टपली मारायच्या त्याच आवाजात म्हणाली, "भुई थंडी हाय, पोरी. पोराले लागंन. माह्यंच सांग आन् ऊठ."

मी सांगितलं. पहिल्यांदा कोणाला ऐकू गेलं नाही, म्हणून भगताने पुन्हा विचारलं, आणि मी पुन्हा सांगितलं.