भिंत नसलेला समुद्र

एक गोष्ट मी तीन वर्षे लपवून ठेवली होती. आमच्या सोसायटीतल्या एका सभ्य गृहस्थांच्या पासपोर्टच्या चौकशीसाठी पोलीस आले, तेव्हा सोसायटीचा सेक्रेटरी म्हणून मला त्यांच्याविषयी विचारण्यात आले. मी जे बोललो त्यात खोटे काही नव्हते, पण ते बोलण्यामागे संशयावाचून दुसरे कारणही नव्हते. हे आधी सांगितल्याशिवाय त्या गृहस्थांविषयी लिहिण्याचा मला अधिकार नाही.

“भिंत हाय का, ते पैलं सांगा,” असे ते म्हणत.

परदेशातल्या कुठल्याही गावाचे नाव निघाले की त्यांचा हा पहिला प्रश्न असे. उजव्या हाताचा पंजा ते छातीसमोर आडवा धरत, म्हणजे भिंत, आणि मान उंच करून त्या पंजापलीकडे पाहत. कुणी “नाही, मोकळा किनारा आहे” म्हटले, की हात खाली येई आणि चेहऱ्यावर हसू उमटे.

नव्वदच्या दशकाच्या मध्याची ही हकिकत आहे. नेरुळच्या आमच्या चार मजली इमारतीत ते तिसऱ्या मजल्यावर राहत. मूळचे उरण तालुक्यातले आगरी; सगळे त्यांना काका म्हणत. जासईजवळच्या एका कंटेनर यार्डात येणाऱ्या-जाणाऱ्या कंटेनरचे नंबर टिपण्याची त्यांची नोकरी होती. मूल नव्हते. निवृत्तीला चार वर्षे उरली होती, आणि निवृत्तीनंतर समुद्रकाठच्या कुठल्या परदेशी गावात जाऊन राहायचे, याचा शोध त्यांनी चालवला होता.

तुम्ही हसाल. आम्हीही हसलो. त्या काळी आमच्या इमारतीतल्या कुणाचा मुलगा दुबईला गेला तर पेढे वाटले जात. परदेश हा नोकरीसाठी असतो आणि म्हातारपण गावाकडे काढायचे असते, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो.

तळमजल्यावरचे कदम साताऱ्याकडचे, तुर्भ्याच्या मार्केटात कांदे-बटाट्याचा गाळा असलेले. त्यांनी एकदा जिन्यातच काकांना गाठले.

“काका, साधं अलिबाग टाकून परदेश कशाला? तिकडं काय सोनं ठेवलंय?”

“सोनं नाय, मासली हाय.”

“मासळी इथं नाय व्हय?”

“हाय की. पन ती विकायला बसते त्या बाजारात. पान्यातून वर येताना बगायची तर पास लागतो.”

त्या पासाची कथा त्यांनी मला नंतर एकदा गच्चीवर सांगितली. त्यांच्या घरचे मिठागर होते. बांधावर उभे राहिले की समोर खाडी आणि तिच्यापुढे समुद्र. मग जमीन संपादित झाली. “बंदर आला, भिंत आली, दारावर वाचमन आला. वाचमन बिचारा चांगला होता, युपीचा. मना म्हनाला, चाचा, पास दिखाओ. माजा बाप ज्या जागी मीठ ओढायचा, तिथं मी पास दाखवला.” हे सांगतानाही ते हसत होते. “गाव एकदा दुसऱ्यांनी ठरवला. आता रिटायर झाल्यावर मी ठरवनार.”

निवडीची त्यांची पद्धत वेगळीच होती. यार्डात येणाऱ्या कंटेनरवरची आणि कागदांवरची बंदरांची नावे ते मनात ठेवत, घरी येऊन शाळेच्या नकाशात ती शोधत आणि शिसपेन्सिलीने खूण करत. जहाजावरचा कुणी खलाशी वा खानसामा भेटला तर त्याला चहा पाजून माहिती काढत. नंतर त्या त्या गावाच्या नगरपालिकेला पत्र टाकत. पत्रात तीनच प्रश्न असत. समुद्रावर कुणालाही जाता येते का? सकाळी मासे कुठे उतरतात? दोन म्हातारी माणसे दवाखान्यात पायी पोहोचतील का?

पोर्तुगालचे एक गाव त्यांनी थंडीमुळे सोडले. “हिचं गुडघं तिथं पैल्या दिवशीच संप करतील.” पेनांगला घरे फार उंच निघाली. मोंबासावरून महिनाभर घोळ चालला होता. शेवटी त्यांची पेन्सिल मॉरिशसवर येऊन थांबली. तिथल्या किनाऱ्यावरच्या माहेबूर नावाच्या गावच्या नगरपालिकेने त्यांचे पत्र मराठी शिकवणाऱ्या एका निवृत्त बाईंकडे दिले, आणि त्या बाईंनी उत्तर पाठवले. त्यांचे पणजोबा कोकणातून तिकडे उसाच्या मळ्यात गेले होते. समुद्र सर्वांचा आहे, भिंत नाही, असे त्यांनी जपून काढलेल्या देवनागरीत लिहिले होते. ते पत्र काकांनी इमारतीतल्या प्रत्येक घरी वाचून दाखवले. आमच्याकडे दोनदा.

“पण तिथे तुम्हाला कायमचे राहू देतील का?” मी विचारले.

“पैलं बघून येऊ. आवडला तर त्यांच्या सरकारला इचारू. सरकार नाय म्हनाला तर परत येऊ. बघायला काय हरकत हाय, सेक्रेटरीसाहेब?”

हरकत काहीच नव्हती. माझ्या मनात मात्र दुसरेच चालले होते. मुंबईतल्या बॉम्बस्फोटांनंतरचे ते दिवस संशयाचे होते. किनाऱ्यावर काय उतरते आणि कुठे जाते, याची चर्चा प्रत्येक जिन्यात चाले. अनोळखी पिशवी दिसली की लोक लांबून जात. सोसायटीच्या सभेत भाडेकरूंची नावे पोलिसांत देण्याचा ठराव मीच मांडला होता. अशा काळात कंटेनर यार्डातल्या एका माणसाला देशोदेशीची पाकिटे येत होती. रोज संध्याकाळी तो माणूस खाडीकडे जाई आणि परतताना पावले मोजत येई.

“सेक्रेटरी, पावलं मोजतोय हा बाबा,” कदम मला म्हणाले. “स्मगलर लोक असंच करत्यात.”

“तुम्ही किती स्मगलर पाहिलेत?”

“पिक्चरमधी लय पाहिल्यात.”

मी हसलो, पण दुसऱ्या दिवशी गच्चीवरून लक्ष ठेवले. ते खरोखरच मोजत होते. दमेकरी बायकोला पाण्यापर्यंत किती पावले चालवतील, याचा अंदाज ते घेत होते, हे मला फार उशिरा कळले. विचारले असते तर त्याच दिवशी कळले असते.

त्यांच्या घराला कुलूप असले की पोस्टमन त्यांची पत्रे माझ्याकडे देई. एक पाकीट मी उजेडासमोर धरून पाहिले होते. नंतर एक चित्राचे पोस्टकार्ड आले. त्यावर धक्क्याला लागलेली निळी होडी होती, आणि मागे बाईंनी लिहिले होते, “होडीवाल्याशी बोलणे झाले आहे. तुम्ही या, मग बाकीचे ठरवू.” ते मी चार वेळा वाचले. होडीवाल्याच्या घरामागच्या दोन खोल्या त्यांना भाड्याने मिळणार होत्या, हे मला पुढे कळले. मी त्या होडीत काय काय भरले असेल, ते इथे लिहिण्याची मला लाज वाटते.

आणखी एक गोष्ट आज मला स्पष्ट दिसते. आमच्या इमारतीत साताऱ्याचे, मराठवाड्याचे, कोकणातले, माझ्यासारखे विदर्भातले असे आम्ही सगळे बाहेरून आलेले होतो. या मातीतले घर एकच होते, आणि आम्ही नजर ठेवली ती त्या एकावरच. त्यांच्या बायकोने गॅलरीत वाळत घातलेल्या बोंबलांबद्दल मी नोटीस काढली होती. ती नोटीस हातात घेऊन ते माझ्याकडे आले. मी भांडणाच्या तयारीत होतो. ते म्हणाले, “अक्षर झकास हाय तुमचा. बोंबील आत घेतले.”

मग तो हवालदार आला. रविवारची दुपार होती. काका बायकोला घेऊन दवाखान्यात गेले होते. पासपोर्टच्या अर्जाची चौकशी शेजाऱ्यांकडे करण्याचा रिवाज तुम्हाला ठाऊक आहे. हवालदाराने चहा घेतला, दोन प्रश्न विचारले आणि वही मिटू लागला.

“माणूस चांगला ना?”

“चांगले आहेत. कुणाशी भांडण नाही,” मी म्हणालो. आणि थांबलो नाही. “परदेशातून बरीच पत्रे येतात, एवढेच. नोकरी कंटेनर यार्डात आहे. कुणा होडीवाल्याशी काही बोलणे चालले आहे.”

मिटणारी वही पुन्हा उघडली. “असं लिहू?”

“लिहा असे मी म्हणत नाही.”

“मग काय करू?”

“आपण पाहा.”

त्या दोन शब्दांमागे मी स्वतःला किती नीट लपवले होते! जबाबदार नागरिकाचे कर्तव्य केल्याचे समाधान मला त्या रात्री झोपेपर्यंत पुरले.

पासपोर्ट आला नाही. पोलिसांचा अहवाल प्रतिकूल आहे, एवढेच त्यांना सांगण्यात आले. डबा घेऊन ते मुंबईला कचेरीत जात आणि संध्याकाळी तोच डबा हलवत परत येत. एके दिवशी कोरे कागद घेऊन ते माझ्या दारात उभे राहिले.

“साहेब, तुमचा अक्षर चांगला. एक अर्ज लिवून द्या ना.”

मी लिहून दिला. एक नव्हे, तीन अर्ज. ‘अर्जदार हा निष्कलंक चारित्र्याचा असून’ हे वाक्य मी स्वतः रचले. त्यांनी प्रत्येक वेळी आभार मानले, आणि त्यांच्या बायकोने वाटीभर कोलंबीचे लोणचे पाठवले.

वर्ष गेले. बाईंचे पत्र आले की होडीवाल्याची मुलगी संसार घेऊन परतली आहे आणि खोल्या आता तिला दिल्या आहेत. त्या पत्रानंतर काकांनी नकाशाचे पुस्तक रद्दीत घातले. जिन्यात मला थांबवून ते म्हणाले, “कुनी केला ते मना कळला. माज्या भावानं.”

धाकटा भाऊ जासईत राहत असे. हवालदार चौकशीसाठी तिथेही गेला होता. परदेशी जाण्याला भावाचा विरोध होता आणि “तुला जाऊ देनार नाय” असे तो चारचौघांत बोलून गेला होता. तेवढ्यावरून त्यांनी अर्थ लावला.

“आपल्याला खात्री आहे?” मी विचारले.

“दुसरा कोन? शेजारपाजारचे सगले देवमानूस.”

हवालदारापुढच्या बोलण्यापेक्षा हे गप्प राहणे मला अधिक जड गेले, आणि तरी ते मी आणखी दोन वर्षे चालवले.

त्या हिवाळ्यात भाऊ पोपटीचे बोलावणे घेऊन आला. वालाच्या शेंगा मडक्यात भरून शेतात भाजण्याचा त्यांच्याकडचा हा दरवर्षीचा सोहळा. काकांनी दार उघडले नाही. भाऊ पाऊण तास जिन्यात बसून राहिला. जाताना शेंगांची पिशवी माझ्या दारात ठेवून म्हणाला, “दादाला द्या. घेतला नाय तर तुमी खा.” दादांनी घेतली नाही. त्या शेंगा आमच्या घरी शिजल्या. मी त्या खाल्ल्या, आणि त्या चवीला उत्तम होत्या.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घर विकले. बायकोच्या बहिणीच्या गावी, मुरुडच्या बाजूला, दोन खोल्या घेतल्या होत्या. सामान टेम्पोत चढले. कदमांनी कपाटाला खांदा दिला आणि “काका, आता सुकट पाठवत जावा,” असे म्हणत डोळे पुसले. काकांची बायको माझ्याजवळ येऊन हलकेच म्हणाली, “दीर आलाय. तिकडं उभा हाय बघा. हे मान पन वळवत नाय.”

रस्त्यापलीकडे, रिक्षास्टँडच्या पत्र्याखाली, भाऊ उभा होता. केसांत पांढरे आले होते. हातात काही नव्हते. पुढे यावे की नाही ते त्याला ठरवता येत नव्हते, आणि टेम्पोवाला तर चावी फिरवत होता. हा टेम्पो हलला की या दोघांचे बोलणे कायमचे संपणार, हे मला दिसले.

मी रस्ता ओलांडला, भावाच्या दंडाला धरले आणि त्याला टेम्पोपाशी घेऊन आलो. काकांनी तोंड फिरवले. कदम, त्यांची मंडळी, टेम्पोवाला, सगळे आमच्याकडे पाहत होते.

“काका, यांनी काही केलेले नाही,” मी म्हणालो. “त्या हवालदाराशी मी बोललो होतो. तुमची पत्रे, तुमची नोकरी, तो होडीवाला, सगळे मी सांगितले. तुमच्याविरुद्ध माझ्याजवळ काहीही नव्हते, तरी सांगितले. आणि तुम्ही भावाचे नाव घेतलेत तेव्हा गप्प बसलो. माझ्यामुळे तुमचे जाणे राहिले, माझ्यामुळे यांच्यासाठी तुमचे दार बंद झाले. काका, मला माफ करा.” मग मी भावाकडे वळलो. “तुम्हीही मला माफ करा.”