दहा किलोच्या पिशव्या

आमच्या गावाकडे, परभणीच्या बाजूला, घरात डबे भरलेले असले की बाईला रात्रीची झोप लागते. नववीत माझी शाळा सुटली, पण हे शिक्षण पक्कं राहिलं. पुण्याजवळ तळवड्याच्या दुकानात त्यानेच मला अडचणीत आणलं.

दुकान आबांचं. आबा इथले जुने गावकरी. जमीन कारखान्यांत गेली, रस्त्याकडेचा गाळा उरला, त्यात त्यांनी किराणा मांडला. माझा नवरा चाकणला कंपनीत कंत्राटी. काही महिने झाले की त्याला ब्रेक देतात आणि पुन्हा बोलावतील की नाही ते कुणी सांगत नाही. अशाच एका ब्रेकमध्ये मी काम मागायला गेले. कुठली, कितवी शिकलीस, आबांनी काहीच विचारलं नाही. "काटा वाचता येतो न्हवं? मग उद्यापासनं ये," एवढंच म्हणाले. त्यांचे उपकार मी कसे विसरणार?

या उन्हाळ्यात आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि माल मागवायचं काम माझ्यावर आलं. पीठ-साबणाच्या कंपन्यांचा माल थेरगावच्या डिस्ट्रिब्युटरकडे येतो, त्याचा सेल्समन मंगळवारी आमच्याकडून मोबाइलवर ऑर्डर घेतो आणि दुसऱ्या दिवशी टेम्पो येतो. सेल्समन बोलायला गोड.

"ताई, एक किलोच्या पाकिटात काय सुटतंय तुम्हाला? दहा किलोची पिशवी घ्या, स्कीम आहे. फळी कशी भरलेली दिसली पाहिजे."

मला तेवढंच पुरलं. गव्हाच्या पिठाच्या पिशव्या मी छतापर्यंत लावून घेतल्या. त्या आठवड्यात मला छान झोप लागली.

नंतर लागेना. आमचं गिऱ्हाईक म्हणजे मागच्या खोल्यांतली पोरं. एका खोलीत चौघं, चौघांच्या शिफ्ट वेगळ्या. काम सुटलं की बॅग उचलून दुसरीकडे जाणारी माणसं ती.

"ताई, एक किलो पीठ द्या."

"दहाची पिशवी आहे, भाऊ. स्वस्त पडते."

"पडू दे की. पण आम्ही झोपायचं कुठं, पिठावर?"

बरोबरचे हसले आणि सगळे रस्ता ओलांडून समोरच्या दुकानात गेले. पीठ तिथे घेतलं की तेल, साबणही तिथेच. हळूहळू काही जण आमच्याकडे वळेनासे झाले.

आबांच्या मुलाला, दादाला, किराणा कधीच नको होता. मोबाइल दुरुस्तीवाला गाळा भाड्याने मागत होता. दुकान चालतंय म्हणून आबा अडून बसले होते. एके दिवशी दादा आला, पिशव्यांकडे पाहिलं, एक उलटी करून तारीख वाचली.

"ताई, हे कोण खाणार? महिन्यात मुदत संपतीय." मग जरा शांतपणे म्हणाला, "मुदतीच्या आत संपलं तर ठीक. नाहीतर गाळा दिला मी."

संध्याकाळी आबा काठी टेकत आले. मी काही बोलायच्या आत स्टुलावर बसले, पाय सरळ पुढे ठेवला.

"पिशव्या हितं आल्या, त्या सेल्समनची इक्री झाली," ते म्हणाले. "आपली कुठं झाली? गिऱ्हाईक घिऊन गेलं म्हंजी झाली. तवर आपण नुस्ते राखणदार."

"आबा, माझं चुकलं."

"चुकलं तर चुकलं. कात्री आण. माझ्या बापानं साखरेचं पोतं फोडूनच दुकान काढलं व्हतं. फोडून द्यायचं, म्हणून तर लोक आपल्याकडं येत्यात. न्हाईतर गोदामातनं नसती का नेली गोणी?"

त्यांनी पिशव्या फोडल्या, मी छोट्या पिशव्यांत किलो-किलोने तोलून गाठी मारल्या. आबांच्या मिशा पांढऱ्या होत्याच, आता भुवयाही झाल्या. शिफ्ट सुटायच्या वेळेला मी पुड्या दारातच मांडायला लागले. मागितलं तर अर्धा किलोही दिलं. दर वेळी काटा स्थिर होईपर्यंत माझा जीव वर-खाली व्हायचा.

पीठ मुदतीच्या आत संपलं. दादाने रिकामी फळी पाहिली.

"दिवाळीपर्यंत चालू द्या. मग बघू."

आता मी छोटीच पाकिटं मागवते. सेल्समन तोंड वाकडं करतो, करू दे. काळजी वेगळीच आहे. मी दार उघडते तेव्हा पहिल्या शिफ्टची पोरं रस्त्यावरून जातात. जी समोर गेली होती त्यांतली निम्मी अजून समोरच जातात. भांडण काही नाही, ओळखीने मान हलवतात, एखादा "काय ताई, बरंय ना?" म्हणतो आणि रस्ता ओलांडतो. त्यांच्या पायांना तिकडची सवय लागली आहे. ती कशी मोडायची ते आबांना विचारलं, तर ते स्टूल दारात ओढून बसले आणि जाणाऱ्या पोरांना हाका मारू लागले.