इंजिन की गोदावरी

सोलापुरात बंदुका दुरुस्त करणाऱ्या विरूपाक्ष पांचाळानं धातू कातायचा नवा लेथ आणला, तेव्हा तो कशानं फिरवायचा यावर अख्ख्या गल्लीनं अक्कल पाजळली. गिरणीतला जॉबर, म्हणजे मुकादम, म्हणाला, तेलाचं इंजिन घे. जुनी रीत म्हणजे मोठं लाकडी चाक आणि ते फिरवायला बायको. पण बायकोचा, गोदावरीचा, दिवाळीपासून अबोला होता. या गृहस्थानं आपल्या बहिणीसमोर बायकोच्या शेंगाचटणीला ओरडून नावं ठेवली होती. मग काय, स्वारी इंजिनावर खूश.

भाड्याचं इंजिन एकाच वेगानं धडधडायचं. बंदुकीच्या बारीक स्क्रूचे आटे संपत आले की वेग उतरवावा लागतो. इंजिनाला ते कुठलं कळायला? स्क्रू तुटतच राहिले. शेवटी गोदावरी पदर खोचून मुकाट्यानं चाकाशी उभी राहिली.

आटे संपत आले. आता बोलणं भागच होतं.

"जरा हळू," विरूपाक्ष पुटपुटला.

"हळू बोलता येतंय की तुमाला," असं म्हणत तिनं चाक मंद केलं. स्क्रू अखंड निघाला.

दुसऱ्या दिवशी इंजिन परत गेलं. आता त्या दुकानातून दिवसभर दोघांची बडबड ऐकू येते. ती कामापुरतीच असते, असं विरूपाक्ष शपथेवर सांगतो.