इंजिन उतरवलेल्या ट्रकची फेरी

अद्भुत अनुभवांच्या या सदरात माझे नाव छापून येईल असे कोणी म्हटले असते, तर मी त्याच्याशी बोलणे सोडले असते. मी सांगलीच्या एका तांत्रिक शाळेत यंत्ररेखाटन शिकवीत असे. जे मोजता येत नाही त्यावर माझा विश्वास नव्हता, आजही नाही... आणि म्हणूनच या प्रकाराची मला भीती वाटत नाही, संताप येतो. उतारवयात प्रथमच लिहितो आहे. वाचकांनी सांभाळून घ्यावे.

बहात्तरच्या दुष्काळानंतरचा दुसरा उन्हाळा. माझ्या थोरल्या भावाने — अण्णांनी — सैन्याच्या लिलावातून एक जुना पेट्रोल ट्रक घेतला होता. चारही चाके ओढणारा. त्यावर टाकी बसवून ते जत तालुक्यातील एका धनगरवस्तीला दर रविवारी आणि बुधवारी पाणी पोचवीत. वाट ओढ्याच्या वाळूतून असल्याने दुसरी गाडी तेथे जात नसे. पाठीच्या दुखण्याने अण्णा साताऱ्यास घरी बसले आणि हे काम माझ्याकडे आले. मी गाडी शिकलो तीच त्रेचाळिसाव्या वर्षी. वस्तीवरच्या अरुंद बोळातून हौदापर्यंत ट्रक मागे घेताना मला पाच वेळा पुढेमागे करावे लागे. बायका तोंडाला पदर लावून पाहत. मी खाली मान घालून पाणी सोडी आणि निघे.

पेट्रोल परवडेना, तेव्हा डिझेल इंजिन बसवायचे ठरवले. ते लोणंदच्या भंगारवाल्याकडे मिळाले. जुन्या गिअरबॉक्सला ते जोडणारी प्लेट, इंजिनाचे पाय, रेडिएटरची जागा — सगळ्याचा आराखडा मी आठ दिवस खपून काढला. त्या कागदाच्या भरवशावर रविवारी वस्तीवर सांगून आलो, "उद्या जुने इंजिन उतरवतो, परवा नवे बसवतो, बुधवारी पाणी आणतो." हौदातले पाणी बुधवारपर्यंतच पुरणारे होते.

सोमवारी सांगलीच्या गॅरेजात दस्तगीर मिस्त्रींनी हत्यारे काढली, पण बोल्टला पाना लावीनात.

"मास्तर, आधी एक फेरी मारून आणा. नेहमीच्या वाटंनं."

"कालच आणली."

"ती सांगून न्हवती केली. बॉनेटला हळदकुंकू लावायचं, ही शेवटची म्हणून गाडीला सांगायचं, मग इंजिन उतरवायचं. आमच्या वस्तादांची रीत हाय."

शंभर मैलांचे पेट्रोल एका रीतीसाठी जाळायचे? मी नको म्हणालो. आयुष्यात फार थोड्या वेळा मी कोणाला ठामपणे नको म्हटले आहे.

इंजिन उतरले. मागच्या चाकाखाली बाभळीचा ठोकळा लावला होता. आराखड्यात एक माप राहिले होते, पुढच्या आसाच्या वरची मोकळी जागा; कागद हाताशी नसल्याने ते मी त्या ठोकळ्यावरच पेन्सिलीने लिहिले — साडेसात इंच. मंगळवारी नवे इंजिन खाली सोडले, तर त्याचे तेलाचे भांडे आसावर टेकले. जुन्या इंजिनाचे वजन गेल्यावर स्प्रिंगचे पाटे वर उचलले गेले होते आणि मी माप घेतले होते ते त्यानंतर. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याने केली असती तर मी त्याला उभे केले असते, अशी ही चूक.

"गाडीनं श्वास घेतल्यावर माप घेतलं तुमी," मिस्त्री म्हणाले.

इंजिन पुन्हा वर काढले. भांडे कापून जोडायला चार दिवस लागणार होते. दुसरी गाडी मिळते का ते मी दोन ठिकाणी विचारले; वाळूचे नाव काढताच दोघांनी हात जोडले. बुधवारी सकाळपासून दिवस मावळेपर्यंत मी मिस्त्रींसोबत त्या ट्रकजवळच होतो. दोन्ही इंजिने जमिनीवर होती.

गुरुवारी एसटीने जतला गेलो आणि पुढे चालत. काय बोलायचे ते वाटेत दहा वेळा घोकले. वस्तीवर पोचलो, तर हौद काठोकाठ भरलेला.

"दुसरा टँकर आला होता का?" मी विचारले.

"दुसरा कशाला यील?" हौदावरची म्हातारी, सगळे तिला आक्का म्हणत, म्हणाली. "काल अकराच्या सुमाराला तुमीच आला न्हवं?"

"मी नाही आलो."

"आवं मास्तर, आज असं मुकं का? काल लय हसवलं आमाला."

तिचा दीर बिराप्पा भिंतीला टेकून बसला होता. "गाडी एका दमात मागं घेतली. मी म्हनलं, शिकलं मास्तर शेवटाला."

माझा आवाज चढला. ट्रक सांगलीत आहे, त्यात इंजिनच नाही, असे मी सांगितले. आक्काने शांतपणे ऐकून घेतले.

"इंजान नसंल. पानी व्हतं की," ती म्हणाली. "आन् ह्यो ठोकळा इसरून गेलासा."

बाभळीचा ठोकळा. त्यावर माझ्या अक्षरात साडेसात इंच.

बुधवारी तो चाकाखाली होता का, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. सोमवारी होता, कारण ते चुकीचे माप सोमवारचे आहे. आक्काने तांब्या पुढे केला. रागात होतो तरी प्यालो. त्या पाण्याला माझ्याच टाकीच्या गंजाची चव होती.

परत आल्यावर मिस्त्रींपुढे ठोकळा ठेवला. त्यांनी तो उलटून पाहिला.

"फेरी राहिली व्हती. झाली."

"इंजिन तुमच्यासमोर जमिनीवर होते ना?"

"व्हतं. तुमी बी हितंच व्हता की."

अण्णांना सांगितले, तर ते म्हणाले, "तू बायकांना हसवलंस? मग तो तू नव्हतास, एवढं नक्की."

पुढच्या रविवारी नव्या इंजिनासह ट्रक घेऊन गेलो आणि नंतरचे चार उन्हाळे जात राहिलो. उलगडा झाला नाही. कोणी म्हणेल, दुसऱ्याची गाडी असेल. मग ठोकळा? कोणी म्हणेल, लोकांना भास झाला. मग भरलेला हौद? माझी तक्रार मात्र निराळीच आहे. दिलेला शब्द मी मोडला होता. तो माझ्या नावाने कोणीतरी पाळला, माझ्याहून बरा पाळला, आणि आभार मला ऐकावे लागले.

बोळात पाच वेळा पुढेमागे केल्याशिवाय ट्रक मला कधीच मागे घेता आला नाही. दर वेळी आक्का हौदाजवळून हाक मारी, "मास्तर, त्या बुधवारी घेतली तशी घ्या की."

मी ट्रक पुन्हा पुढे घेई.